नकुशीला रॉकेलमध्ये ठेवावे

मूलद्रव्यांना आपल्या भावकीची नावं द्यायची, हे मी एका सोमवारी भाकरी थापता थापता ठरवलं. ठरवलं तेव्हा तवासुद्धा नीट तापलेला नव्हता. पुढं एवढं तापेल असं वाटलं असतं तर मी भाकरीवरच लक्ष दिलं असतं.

आधी मी कोण ते सांगते. मी सुलक्षणा. वडगाव रासाईच्या अलीकडं आमची वस्ती आहे. माहेर भीमेच्या पलीकडं, दौंडच्या अंगाला. शिक्षण सातवी. (शाळा मी सोडली नाही. आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती, त्यामुळं शाळेनंच मला सोडलं.) घरात सासू धुरपदाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. नवरा इंद्रजीत, रांजणगावला कंपनीत वेल्डिंगला आहेत. मुलगी शितल, पाचवीत. तिला माझ्या शाळेचं सगळं माहीत आहे आणि ती ते विसरत नाही.

माझा स्वभाव काळजीचा. शितल शाळेला गेली की माझ्या डोळ्यांपुढं ती विहिरीत पडते, तिला कुत्रं चावतं, तिच्या अंगावरून उसाचा ट्रॅक्टर जातो. हे सगळं रोज दहा ते पाच. पाचला ती जशीच्या तशी घरी येते, खायला मागते, आणि मी दमून गेलेली असते.

म्हणूनच मला गावच्या दूध डेअरीतली टेस्टरची जागा पाहिजे होती. कारण डेअरीच्या खिडकीतून शितलच्या शाळेचं फाटक सरळ समोर दिसतं. मधी एक झाडसुद्धा नाही. तिथले टेस्टर हौसरावभाऊ गुडघ्यांमुळं उभं राहायला कंटाळले होते आणि टँकरवर बसायला जाणार होते. डेअरीचे चेअरमन सर्जेराव आप्पा. ते आमचे चुलत सासरे लागतात. मी पदर सावरून त्यांना विचारलं.

आप्पा म्हणाले, "बाई चालंल की. पर दहावी पास पायजे सूनबाई. केमिकलचं काम हाय."

"हौसरावभाऊ कितवी शिकल्यात आप्पा?"

"त्यो चौथी हाय. म्हणून तर आता दहावी पायजे."

मग मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. हा फॉर्म भरला की शाळेत न जाता घरी बसून दहावीला बसता येतं. मराठी झालं, इतिहास झाला, गणितालाही मी घाबरत घाबरत का होईना पण धरून ठेवलं. अडलं ते विज्ञानात. त्यातही रसायनाचे धडे. तिथं सोडियमला एन ए म्हणतात आणि पोटॅशियमला के. का, तर ती लॅटिन नावं आहेत. आता लॅटिनची आमच्याकडं कुणाशी सोयरीक आहे?

संध्याकाळी शितल माझी उजळणी घ्यायची.

"आई, सोडियमची संयुजा?"

"थांब, भाजी करपतीय."

"भाजीचं नगं सांगू. संयुजा सांग."

"दोन."

"एक! आई, अगं पाचवीतल्या मलासुद्धा पाठ झालं आता. तुझी पुस्तकं वाचून वाचून मीच पास होईन."

आठ दिवस हे असं चाललं आणि नवव्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, मला ती युक्ती सुचली. पुस्तकात असं दिलंय की अणूच्या भोवती कक्षा असतात, त्यात इलेक्ट्रॉन असतात, आणि सगळ्यात बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन भरले की अणू शांत होतो. तोपर्यंत त्याची देवाणघेवाण चालू. मी कक्षेच्या जागी गोठा धरला, इलेक्ट्रॉनच्या जागी म्हशी. आठ खुंट्यांचा गोठा भरला की मालक शांत. हे मला एका मिनिटात पटलं, कारण असे अशांत मालक मी रोज डेअरीच्या रांगेत बघते.

राहिली नावं. सोडियम म्हणजे एन ए, म्हणून तिथं आमच्या चुलत जाऊबाई नकुशी. त्यांच्याकडं खरोखर एकच म्हैस आहे, आणि सोडियमच्या बाहेरच्या कक्षेतही एकच इलेक्ट्रॉन! गंधक म्हणजे एस, तिथं सर्जेराव आप्पा. बाहेरच्या कक्षेत सहा. आप्पांच्या म्हशी सहा! (मला वाटलं, देवानं हे पुस्तक आमच्या वस्तीवर बसूनच लिहिलंय.) हायड्रोजन एच, म्हणून हौसरावभाऊ. पोटॅशियम के, म्हणून केंदूरला दिलेल्या आमच्या वन्सं. आणि आरगॉन हा राजवायू. तो कुणाशी संयोग पावत नाही, कुणाला काही देत नाही, घेत नाही, हवेत असतो पण असल्याचं कळत नाही. आरगॉनवरून मला एकच माणूस आठवला. मी लिहिलं, "अहो."

हे सगळं एका पानावर उतरवलं. भावकीची नावं आणि त्यांचे गुण निळ्या बॉलपेननं, आणि पुढं कंसात मूलद्रव्यांची खरी नावं शितलच्या गुलाबी जेलपेननं, म्हणजे उठून दिसतील. त्या रंगावर माझा फार जीव होता. त्या गुलाबी शाईनंच माझा घात केला.

विज्ञानाचा पेपर दोन दिवसांवर आलेला. सकाळी म्हशींचं आटोपून, किटली भरून ओट्यावर ठेवली, भाकऱ्या उरकल्या आणि मग उजळणीला वही उघडली, तर ते पान नाही. फाटलेल्या कडेची नुसती झालर.

"आत्याबाई, माझ्या वहीचं पान कुणी घेतलं?"

"कंचं?"

"गुलाबी अक्षराचं."

"त्ये व्हय? किटलीच्या झाकणाला लावलं. झाकण सैल झालंय, गाडीवर दूध हिंदकळतं न्हवं."

"अवो पण तिथं रद्दीचा पेपर होता की!"

"त्यात देवाचा फोटू व्हता. तुझ्या वहीत मला कुठं देव दिसला न्हाई."

किटली घेऊन इंद्रजीत केव्हाच डेअरीला गेले होते. रात्रपाळी करून आलेले, डोळे अर्धे मिटलेले, त्यांना पान काय आणि झाकण काय. मी मनाची समजूत घातली की पान भिजलं असेल, वाया गेलं असेल, दुसरं लिहू. तेवढ्यात फोन वाजला.

"जरा डेअरीवर ये," इंद्रजीत म्हणाले.

"का? काय झालं? दूध सांडलं? गाडी घसरली? लागलं का तुम्हाला?"

"ये."

ठेवला फोन. आता आरगॉनशी ह्याहून जास्त बोलणं होत नाही हे मला माहीत आहे, पण काळजी करणाऱ्या बाईला नुसतं 'ये' म्हणणं म्हणजे काय असतं! मी चपला उलट्या घालून निघाले.

वाटेत नकुशीबाईंचं घर. त्या दारातच कमरेवर हात देऊन उभ्या. आमचं दोघींचं आठ दिवसांपूर्वी कोंबड्यांवरून वाजलेलं. त्यांच्या कोंबड्या माझ्या मेथीत शिरल्या होत्या आणि मी भर वस्तीत ओरडले होते, "एक दिवस बघूनच घेते!" तेव्हापासून बोलणं बंद. आज त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"मला रॉकेलमधी बुडवणार हाईस म्हणं तू."

"कुणी सांगितलं?"

"डेअरीवर कागद वाचत्यात तुझा. रांगेतल्या धा जणांचं फोन आलं मला. नकुशीला रॉकेलमधी बुडवून ठिवावं, असं लिवलंय."

"जाऊबाई, देवाशपथ, ते तुमच्याबद्दल न्हाई. ते सोडियमबद्दल हाय. सोडियम पेट घेतं म्हणून त्याला रॉकेलमधी..."

"ते मागनं. आधी हे सांग, रॉकेल तुला मिळालं कुठं?"

"आँ?"

"रेशनचं बंद होऊन किती वर्सं झाली! माझा लग्नातला पितळी स्टोव्ह माळ्यावर पडलाय नुसता. मला बुडवायला म्हंजी पिंपभर तरी आणलं असशील. मला दोन लिटर दे, मग पुढचं बघू."

"जाऊबाई, रॉकेल पुस्तकात हाय."

"पुस्तकात लपवून ठिवलंस?"

मी पुढं चालायला लागले, तर त्याही डोक्यावर पदर घेऊन मागं. "तुम्ही कशाला येताय?" म्हटलं तर म्हणाल्या, "मारणार मला, आन् बैठकीला मीच नगं व्हय?"

डेअरीवर रांग तशीच होती, पण दूध घालणं बंद पडलं होतं. टेबलामागं सर्जेराव आप्पा खुर्चीत. माझं पान त्यांनी दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तसं धरलेलं. शेजारी हौसरावभाऊ. भिंतीला टेकून आमचे अहो. पानाला दूध लागून सगळी गुलाबी शाई धुऊन गेली होती, कागद नुसता फिक्कट गुलाबी झाला होता. खरी नावं गेली. बॉलपेननं लिहिलेली भावकी मात्र निळीशार, खणखणीत राहिली होती.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "हे अक्षार तुमचं?"

"व्हय आप्पा, पण..."

"वाचतो. 'नकुशी. जवळ एकच. कुणी मागितली की देऊन टाकते. पाण्याचा थेंब लागला तरी भडकते. नकुशीला रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे.'"

"मी कवा कुणाला म्हस दिली?" नकुशीबाई मागून ओरडल्या.

"'केंदूरच्या वन्सं. नकुशीपेक्षा लवकर पेटतात. त्यांनाही रॉकेलमध्येच.' म्हंजी दोघी." आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्ये तुमचं बायकांचं हाय, ते पोलीस पाटील बघतील. आता हे बघा. 'सर्जेराव. दोन जागा रिकाम्या. दोन हौसराव मिळाले की लगेच जमते. जमले की सडक्या अंड्याचा वास सुटतो.'"

रांगेत कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं.

"पुढच्या म्हैन्यात संस्थेचं इलेक्शन हाय," आप्पा म्हणाले. "सर्जेराव आन् हौसराव जमले की वास येतो, हा कागद समोरच्या पॅनेलनं झेरॉक्स करून वाटला म्हंजी? दुधाचा वास म्हणायचा का कारभाराचा?"

हौसरावभाऊंचं दुःख वेगळंच होतं. "वैनी, तेवढं सांगा, ह्यो दुसरा हौसराव कोण? मी तर एकटाच हाय. आप्पा, टँकरवर बी दुसरा माणूस ठिवलाय का तुम्ही?"

मी अहोंकडं बघितलं. "अहो, तुम्ही तरी सांगा की काहीतरी!"

"मी काय सांगू," ते म्हणाले.

"हे बी हाय हितं," आप्पांनी शेवटची ओळ वाचली, "'अहो. निष्क्रिय. असून नसल्यासारखे.'"

आता रांग उघड हसली. अहो भिंतीला अजून थोडे टेकले.

मला रडू येत होतं. एरवी मी रडले असते. पण खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं. शितल आत्ता तिथून आत जाणार. आज मी इथून रडत गेले की ती जागा गेली, आणि उद्यापासून परत दहा ते पाच विहीर, कुत्रं, ट्रॅक्टर. मी पदर खोचला.

"आप्पा, मी सांगते. पण मधी कुणी बोलायचं न्हाई."

आणि डेअरीच्या ओल्या फरशीवर रिकाम्या किटल्यांची झाकणं मांडून मी अणू समजावायला सुरुवात केली. "हा गोठा. ह्याला आठ खुंट्या. आठी भरल्या की मालक शांत झोपतो. आप्पांच्या म्हशी किती?"

"सहा," रांग म्हणाली.

"गाभण धरून सात," आप्पा म्हणाले.

"गाभण धरायची न्हाई. सहा. म्हंजी दोन खुंट्या मोकळ्या. आता हौसरावभाऊ हे हायड्रोजन. लई बारकं. त्यांचा गोठाच दोन खुंट्यांचा, आन् म्हस एक. त्यांना एक पायजे, आप्पांना दोन पायजेत. मग आप्पांकडं एक हौसराव आला तर पुरतो का?"

"न्हाई," हौसरावभाऊ म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी म्हणून दोन! त्यो दुसरा माणूस न्हवं, ती खुंटी हाय!"

"पर मी हौसरावच्या म्हशी घेऊ कशाला?" आप्पा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"घ्यायच्या न्हाईत आप्पा. दोघांच्या मिळून. एक त्यांची, एक तुमची, दोन्ही दोघांच्या गोठ्यात मोजायच्या."

"अर्धेलीनं!" आप्पा एकदम खुर्चीत सरसावले. अर्धेलीनं म्हणजे आमच्याकडं एकाचं जनावर दुसऱ्यानं सांभाळायचं आणि त्यात दोघांचा वाटा. आमच्या गावात निम्मी जनावरं अशीच आहेत. "मग असं सांग की अर्धेलीचं हाय म्हणून! आन् नकुशीचं?"

"त्यांचं अर्धेलीनं न्हाई. त्या कायमची देऊन टाकतात. पुस्तकात त्याला आयनिक बंध म्हणत्यात, आन् तुमच्या दोघांचा सहसंयुज."

तो शब्द मी पंधरा दिवस पाठ करत होते. आज पहिल्यांदा तो माझ्या तोंडून न अडखळता आला, आणि काय आहे ते मला कळलंही. मी मनातल्या मनात चार मार्क घेतले.

आप्पा मात्र अजून वासावर अडले होते. "जमलं ते जमलं. सडक्या अंड्याचा वास का?"

"गंधक आन् हायड्रोजन जमलं की तसला वायू हुतो आप्पा. पुस्तकात हाय. माझ्या मनाचं न्हाई."

"मग बदलायचं ते पुस्तकातलं."

"ते बोर्डाचं पुस्तक हाय."

"बोर्डावर आपलं कोण हाय?" आप्पांनी रांगेला विचारलं. कुणाचंच कुणी नव्हतं.

तेवढ्यात अहोंचा फोन वाजला. केंदूरच्या वन्सं. आत्याबाईंनी त्यांना घरून कळवलं होतं (चांगलं आणि वाईट यात आत्याबाई फरक करत नाहीत, दोन्ही लगेच कळवतात). अहोंच्या हातून फोन स्पीकरवर पडला.

"कुठाय ती?" सगळ्या डेअरीनं ऐकलं. "मला पेटवतीय व्हय? माझ्या भावाच्या घरात राहून? दिवाळीला चोळी दिली तिला मी! आन् नकुशीबरुबर नाव लिवलं माझं? त्या नकुशीबरुबर?"

"का गं, नकुशीला काय झालं?" नकुशीबाई फोनकडं धावल्या.

"तुझ्या कोंबड्या आधी आवर!"

"माझ्या कोंबड्यांचं नाव घिऊ नगंस!"

दोघी अशा पेटल्या की फोन गरम झाला असेल. मी हात करून म्हटलं, "बघा आप्पा. ह्या सोडियम आन् ह्या पोटॅशियम. मी नुसतं लिवलं होतं. कुणी लवकर पेट घेतला?"

"केंदूर," आप्पा म्हणाले. "आधी केंदूरनं घेतला." त्यांनी पानाकडं परत बघितलं आणि पहिल्यांदा ते टेबलावर नीट पसरून ठेवलं.

पण चेअरमन माणूस एवढ्यानं हार मानत नाही. त्यांनी टेस्टिंगच्या टेबलावरची एक छोटी बाटली उचलली. आत पाण्यासारखं काहीतरी, लेबल पुसून गेलेलं. "एवढं येतंय तर हे काय ते सांगा. हौसराव दुधात ह्याचं दोन थेंब टाकतो, मग त्या नळीतनं दुसरं औषध सोडतो, मग दूध गुलाबी हुतं. का हुतं?"

ती बाटली मी आयुष्यात पाहिली नव्हती. पण गुलाबी! माझ्या डोळ्यांपुढं आख्खा धडा उभा राहिला.

"दूध नासायला लागलं की त्यात आम्ल हुतं. नळीतनं पडतं ते आम्लारी. आम्लारी आम्लाला मारतं. आम्ल संपलं की ह्या बाटलीतलं गुलाबी हुतं. जेवढी नळी जास्त लागंल तेवढं दूध जास्त आंबट."

"आन् बाटलीत काय?"

"फिनॉ..." मी थांबले. सगळी रांग थांबली. "फिनॉप्था... थांबा आप्पा." नकुशीबाईंनीही फोनवरचं भांडण थांबवलं. मी डोळे मिटले. "फिनॉल्फ्थॅलीन!"

"बारा वर्सं," हौसरावभाऊ हळूच म्हणाले, "बारा वर्सं मी ह्याला गुलाबी औषध म्हणतोय. आन् बाटलीत तर रंगच न्हाई. माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाई."

आप्पांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. "पेपर कवा?"

"परवा."

"मग हितं काय करताय? घरी जा, अभ्यास करा. आन् सूनबाई, दुसऱ्या पानावर कुणाकुणाला घातलंय?"

"कुणाला न्हाई आप्पा."

"मग समोरच्या पॅनेलमधलं एकदोन घाला की. एखादा विषारी वायू असंल बघा."

पेपर शिरूरला. तिसराच प्रश्न, दोन मार्कांचा: 'सोडियम रॉकेलमध्ये का ठेवतात?' मला वर्गात एकटीलाच हसू फुटलं. पर्यवेक्षक बाई येऊन माझी बाकाखालची पिशवी तपासून गेल्या. मी पहिल्या ओळीत 'नकुशी हवेतील' एवढं लिहून गेले होते, ते खोडलं आणि 'सोडियम' लिहिलं. बाकीचं उत्तर तसंच ठेवलं, कारण बाकीचं बरोबरच होतं.

मे संपता संपता निकाल लागला. सगळे विषय सुटले. विज्ञानात एक्कावन्न! शितलनं गुण तीनदा मोजले. अहोंनी "बरं झालं" म्हटलं (हे त्यांचं भाषण होतं). नकुशीबाईंना मी स्वतः जाऊन पेढा दिला, त्यांनी तो खाल्ला आणि "रॉकेलचं काय?" असं पुन्हा विचारलं. आप्पा निवडून आले होते, त्यांनी दिलेला शब्द पाळला.

जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्याच दिवशी, मी डेअरीच्या खिडकीपाशी टेबलामागं उभी राहिले. पांढरा कोट घातलेला. तो हौसरावभाऊंचा, माझ्या गुडघ्याच्या खाली येत होता. शितल मैत्रिणीबरोबर फाटकातून आत गेली, तिनं मला हात केला. विहीर नाही, कुत्रं नाही, ट्रॅक्टर नाही. माझ्या छातीवरचा दहा वर्षांचा दगड उतरला. हौसरावभाऊ पहिल्या दिवशी दाखवायला म्हणून स्टूल घेऊन शेजारी बसले होते.

पहिली किटली चांगली. दुसरी चांगली. तिसरी मशीनला लावली तर आकडा आला, पाणी सात टक्के. मी परत लावली. सात. मशीनवर भरवसा नको म्हणून लॅक्टोमीटर सोडला, तोही खाली बुडाला. हौसरावभाऊ छताकडं बघत होते.

"कुणाची किटली हाय ही?" मी मोठ्यानं विचारलं. (झाकण काढलं की किटल्या सगळ्या सारख्याच दिसतात.) पहिल्याच दिवशी कडक राहायचं हे मी घरून ठरवून आले होते. "पाणी घातलंय. हे दूध परत जाईल."

रांगेतले सगळे एकमेकांच्या हातांकडं बघायला लागले. शेवटी रांगेतून अहो म्हणाले, "आपली."

मी पावतीवर लाल पेननं 'पाणी आढळले' लिहिलं, सही केली, आणि किटली परत त्यांच्या हातात दिली. रांगेत कुणी हसलं नाही. निदान मी बघत होते तोवर.

संध्याकाळी घरी पाऊल टाकताच मी विचारलं, "आत्याबाई, दुधात पाणी कोण घालतं?"

"पाणी?" आत्याबाईंना खरंच कळेना. "आपल्यात कोण पाणी घालतंय? तूच तर रोज धारंची बादली दोनदा इसळून त्ये पाणी किटलीत वततीस."

"ते पाणी व्हय? ते तर बादलीला लागलेलं दूध! लग्न झाल्यावर तुम्हीच शिकवलंत, एक थेंब वाया घालवू नको म्हणून!"

"मग त्यात काय वाईट शिकवलं?" आत्याबाईंनी परत आलेली किटली माझ्यापुढं सरकवली. "आन् शिकून तू तरी काय दिवं लावलंस? हौसराव अडाणी व्हता बाई, पर बारा वर्सांत त्यानं आपलं दूध एकदा तरी परत पाठवलं व्हतं का?"